डबल बेल

लाल गाडीवर बत्तीस वर्षं काढलेल्या ड्रायव्हरला एक खोड जडते. त्याला आपल्या मनाने निघता येत नाही. इंजिन चालू आहे, रस्ता मोकळा आहे, आधीच उशीर झालाय, तरी मागून कंडक्टरने दोरी ओढून दोनदा टण-टण केल्याशिवाय त्याचा पाय क्लचवरून उठत नाही. एक बेल थांबायला, दोन निघायला. नरसिंगला रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी ती खोड गेली नव्हती. ‘आमच्या ह्यांना ताट वाढून दोनदा चमचा वाजवावा लागतो, मग घास उचलतात,’ असं उमाबाई चारचौघींत सांगायची नि पदर तोंडाला लावून हसायची. उमाबाई जाऊनही आता दोन वर्षं झाली होती. लातूरच्या त्या तीन खोल्यांच्या घरात वाढणारंही कुणी उरलं नव्हतं नि हसणारंही.

मुलगा सत्यम पुण्यात. त्याने नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी पांढरी गाडी बापाच्या दारात आणून लावली. “बापू, रोज दहा मिनटं चालवत जावा, न्हाई तर बॅटरी उतरते,” एवढं बजावून तो संध्याकाळी परत गेला. त्याला बापाची काळजी नव्हती असं नाही, पण ती फोनवर उरकण्यासारखी होती. बॅटरीचं तसं नव्हतं. नरसिंगला मात्र गाडीचं बरं वाटलं. घर खायला उठायचं. निदान सकाळची दहा मिनिटं दारात कुणी तरी त्याची वाट बघत असायचं.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. नरसिंग सकाळी गाडीत बसला, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि सवयीने थांबला. मागून बेल झाली. टण-टण. स्वच्छ, खणखणीत, अगदी पूर्वी व्हायची तशी. पाय आपोआप उठला, गाडी पुढे सरकली आणि बंपरखाली प्लास्टिकची बादली फुटल्याचा आवाज आला.

शेजारच्या गुणाबाई अंगणात सडा टाकत होत्या. क्षणापूर्वी त्या त्याच बादलीवर वाकलेल्या होत्या. घरात कुकरची शिट्टी झाली म्हणून वळल्या आणि वाचल्या.

“बापू, दिसलं न्हाई का तुमाला?”

“बेल झाली की,” नरसिंग म्हणाला.

“कसली बेल?”

त्याने मागे वळून बघितलं. मागच्या सीटवर सत्यमची विसरलेली छत्री होती, बाकी काही नव्हतं. गाडीला दोरी नव्हती, घंटी नव्हती, कंडक्टर नव्हता. गुणाबाई त्याच्याकडे काळजीने बघत होत्या. एकट्या माणसाकडे शेजारी असं बघायला लागले की समजावं, आपल्या मागे आपला विषय निघतो.

दुपारी त्याने त्यांना नवी बादली आणून दिली. पण त्या दिवसापासून त्याचं कशात मन लागेना. आज बेल झालेली नसताना आपल्याला ऐकू आली. मग त्या दिवशी?

त्या दिवसाचं सांगायचं तर आधी त्या गाडीचं सांगायला हवं. लातूर-माहूर ही मुक्कामी गाडी. सकाळी लातूरहून निघायची, नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत दिवस मावळताना माहूरला पोचायची, रात्र तिथे काढायची आणि पहाटे उलटी निघायची. अकरा वर्षं तिच्यावर ड्रायव्हर नरसिंग नि कंडक्टर संघपाल. नरसिंग बायकोशी बोलला नसेल तेवढं संघपालशी बोलला असेल, आणि तेही बहुतेक पाठमोरा.

संघपाल हिमायतनगरचा, बिऱ्हाडही तिथेच. गाडी हिमायतनगरच्या स्टँडवर लागली की त्याची बायको पंचशीला डबा घेऊन उभी असायची. डब्यात दोघांचं असायचं: ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. नरसिंगच्या गावाकडे भावकीतल्या एकदोघांनी ‘त्यांच्या घरचं खातूस व्हय’ म्हणून नाक मुरडलं, तेव्हा त्याने ‘तुमी आनून दिलं तर तुमचं बी खाईन, पन तुमी कवा आनलं न्हाई’ असं सुनावलं होतं. त्या उत्तराचा त्याला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता. खाल्ल्या अन्नाला जागायची वेळ अजून यायची होती.

माहूरला पोचल्यावर दोघं स्टँडबाहेर चहा प्यायचे. वर डोंगरावर दत्तशिखराचे दिवे लागलेले दिसायचे. “एकदा वर जाऊ,” संघपाल म्हणायचा. त्याला देवाधर्माचं काही नव्हतं. पैनगंगा डोंगराला कशी वळसा घालते म्हणतात ते त्याला वरून बघायचं होतं. “तू येशील तवाच मी जाईन,” नरसिंग म्हणायचा. मग पहाटेची गाडी असायची. अकरा वर्षं शिखर डोक्यावर होतं नि दोघं पायथ्याशी झोपून परत गेले.

आणि एकोणीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, ते घडलं. किनवट सोडल्यावर एका फाट्यावर एक प्रवासी उतरला. त्याची सायकल टपावर होती. संघपाल मागच्या शिडीवर चढून ती खाली देत होता. नरसिंगला बेल ऐकू आली आणि त्याने गाडी काढली. संघपाल पाठीवर पडला, त्याच्यावर सायकल पडली. खुबा मोडला. नांदेडच्या दवाखान्यात चार महिने, दोन ऑपरेशनं, आणि उजवा पाय कायमचा दोन बोटं आखूड.

चौकशी झाली. संघपालने लिहून दिलं की बेलची दोरी किनवटलाच तुटली होती, मी हाताने पत्रा वाजवून इशारा देत होतो आणि तसं ड्रायव्हरला सांगितलं होतं. साहेबांनी नरसिंगला एकच विचारलं, दोरी चालू होती का? नरसिंगच्या कानात बेल अजून घुमत होती. तो म्हणाला, “हाव. डबल बेल झाली म्हनूनच काढली गाडी.” आणि बेल ही कंडक्टरच्या ताब्यातली गोष्ट. कुणा प्रवाशाने ओढली असली तरी जबाबदार तोच. संघपालची गाडीवरची लाईन गेली, बढती गेली, उरलेली नोकरी डेपोतल्या एका खिडकीमागे गेली. नरसिंगला काही झालं नाही. उलट तोच मनातून चिडला होता, की स्वतःची चूक झाकायला ह्याने दोरीची गोष्ट रचली. त्या चिडीच्या आधारावर त्याने एकोणीस वर्षं काढली. गुणाबाईंच्या बादलीने तो आधार काढून घेतला.

आता आठवायला बसलं की भलतंच आठवायचं. किनवटच्या स्टँडवर संघपाल केबिनच्या खिडकीशी आला होता. काहीतरी म्हणाला होता. आपण “हं” म्हणालो होतो. काय म्हणाला ते ऐकलंच नव्हतं.

पंधरा दिवस नरसिंगने हे पोटात ठेवलं. सांगणार कुणाला? सत्यमला फोनवर सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, “बापू, कानाच्या डॉक्टरला दाखवू.” शेवटी एके दिवशी पहाटे साडेचारला त्याने गाडी काढली. निघताना इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, कुणी नाही असं बघितलं आणि मगच बसला. गेले पंधरा दिवस तो असंच करत होता.

अहमदपूर, लोहा, मग विष्णुपुरीजवळ उजाडलं. रस्ते आता चौपदरी नि गुळगुळीत. कधी काळी या रस्त्यावर गाडी हाडं खिळखिळी करायची, पण मागे पन्नास माणसं असायची: रडणारी पोरं, भांडणाऱ्या बाया, बिडी विझवायला सांगणारा संघपाल. आता गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती आणि मागे छत्री होती. मुदखेडपासून भोकरपर्यंत नरसिंग काय बोलायचं ते घोकत राहिला. ‘संघपाल, बेल झाली न्हवती. मी चुकलो.’ सहा शब्द. एवढे सहा शब्द पाठ करायला एवढा रस्ता लागला आणि हिमायतनगरचा स्टँड दिसला तेव्हा त्यातला एकही जागेवर नव्हता.

दार पंचशीलाने उघडलं. केस पांढरे झाले होते, पण उभं राहायची तऱ्हा तीच, हातात डबा असल्यासारखी. तिने त्याला ओळखायला क्षणही लावला नाही.

“भाऊ,” ती म्हणाली. आणि मग तो शब्द तोंडातून गेल्याचं वाईट वाटल्यासारखं नुसतंच, “बसा.”

तिने चहा केला, कपबशी समोर ठेवली. स्वतः बसली नाही. आतून काठीचा आवाज आला आणि संघपाल बाहेर आला. वाळला होता. चष्मा लागला होता. प्रत्येक पावलाला उजवीकडे एकदा बुडून वर येत होता.

“जय भीम,” तो म्हणाला. “या. कसं काय येनं केलं तुमी?”

तुमी. अकरा वर्षं ज्याने ‘अरे नरसिंगा’ म्हणून शिव्या घातल्या, त्याच्या तोंडी तुमी. नरसिंगला वाटलं, ह्यापेक्षा दार तोंडावर लावलं असतं तर परवडलं असतं.

“माहूरला चाललो होतो,” तो म्हणाला. पंचशीलासमोर ते सहा शब्द बाहेर येणं शक्य नव्हतं. “शिखरावर. गाडी वरपर्यंत जाते आता. म्हनलं... तुमाला इचारावं.”

  पंचशीलाच संघपालला म्हणाली, “जावा की. पाह्यचं होतं न्हवं तुमाला कवाचं.”

संघपालने काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ विचार केला. “येतो,” तो म्हणाला. “तेवढं राह्यलंच हाय.”

नरसिंगने लगबगीने पुढचं दार उघडलं. संघपालने ते दार बघितलं, मागचं उघडलं, छत्री बाजूला सारली आणि डाव्या अंगाला, दाराशी बसला. कंडक्टरची जागा. नरसिंगला आत कुठेतरी हलकं वाटलं. गाडी निघाली. आरशात त्याला एकदाच दिसलं की संघपालने दारावरचा दांडा हाताने धरला आहे. जुनी सवय, नरसिंग मनात म्हणाला. उभ्याने तिकिटं फाडणारा माणूस, बसला तरी हात वरच जाणार. त्याला हसू आलं आणि त्याने डोळे रस्त्यावर वळवले.

“नोकरी कवा संपली तुमची?” त्याने विचारलं.

“सहा वर्सं झाली.”

“पोरगी होती न्हवं? धम्मप्रिया?”

“औरंगाबादला हाय. बँकेत.”

“माजी उमा गेली. दोन वर्सं झाली.”

 “कळालं होतं,” संघपाल म्हणाला. “मारोती कंडक्टरनं सांगितलं होतं.”

कळलं होतं, आणि फोन आला नव्हता. नरसिंगने ते गिळलं. आपण तरी कुठल्या तोंडाने अपेक्षा करतो, असं त्याने स्वतःला विचारलं.

इस्लापूर आलं. गाडी गावातून हळू झाली आणि मागून पुटपुटल्यासारखा आवाज आला, “इस्लापूर, चला, इस्लापूरवाले...” आणि मध्येच थांबला. संघपालच्या तोंडून ते आपसूक निघून गेलं होतं. नरसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, होईल. आज सगळं ठीक होईल. येताना हा पुढच्या सीटवर बसेल, हिमायतनगरला जेवण होईल, मग महिन्यातून एकदा आपण येत जाऊ. माणूस एकटा पडला की असाच थोडक्यावर संसार मांडतो.

किनवट मागे पडलं. दोन्ही अंगांना सागाचं जंगल, पानं झडलेली, मध्येच एखादा पळस फुललेला. नरसिंग तो फाटा शोधत होता. पण रस्ता रुंद झाला होता, चिंचेची झाडं तोडली होती, सगळे फाटे सारखे दिसत होते. त्याला काही ओळखू येईना.

“हितंच,” संघपाल मागून म्हणाला. एकच शब्द. नरसिंगने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. थांबवून करणार काय, हे त्याला सुचलं नाही.

माहूरच्या स्टँडजवळ आल्यावर दोघांनी बिनबोलता त्या बाजूला बघितलं. चहाची टपरी गेली होती, तिथे मोबाइलचं दुकान होतं. मग घाट लागला. नरसिंगने दुसरा गिअर टाकला. एकेका वळणाला गाव खाली जाऊ लागलं, घरांची छपरं दिसू लागली, मग छपरंही बारीक झाली. बसल्या-बसल्या वीस मिनिटांत ते शिखराच्या पायऱ्यांपाशी पोचले. अकरा वर्षं जे जमलं नव्हतं ते इतकं सोपं होतं, याचंच नरसिंगला वाईट वाटलं.

“तुमी दर्शन घेऊन या,” संघपाल म्हणाला. “मी हितं बसतो.”

“मी बी हितंच बसतो.”

गाड्या लावायच्या जागेच्या कडेला बसायला एक कठडा होता. दोघं तिथे बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. वारा होता. खाली डोंगरामागे डोंगर, आणि लांब पैनगंगेचं पाणी मध्येच चमकायचं, मध्येच जंगलात शिरायचं. संघपालने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नदी कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत ओढून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने काहीतरी मऊ आलं. अगदी खाली स्टँड होता. एक लाल गाडी रिव्हर्स येत होती. इतक्या वरून ती आगपेटीएवढी दिसत होती.

“संघपाल,” नरसिंग म्हणाला. “त्या दिवशी बेल झाली न्हवती.”

संघपालने नदीवरची नजर काढली नाही.

“मला ऐकू आली होती. खोटं न्हाई सांगत, ऐकू आली होती. पन झाली न्हवती. मागल्या महिन्यात मला रिकाम्या गाडीत तशीच बेल ऐकू आली. शेजारनीला उडवली असती मी. तवा कळालं.” त्याने संघपालच्या काठीकडे बघितलं. “दोरी तुटली हे तू सांगितलं होतंस. मी ऐकलं न्हाई. मी माज्या कानावर विश्वास ठिवला, तुज्यावर न्हाई.”

“हे सांगाया लातूरवरून आले?”

“हाव. आता बी लिहून देतो. म्हनशील तिथं सही करतो.”

संघपाल हसला, त्या हसण्यात विखार नव्हता. “कुनाला देता लिहून? तो साहेब कवाचा रिटायर झाला. कागद उंदरानं खाल्ला असंल.” मग काठीने मातीत एक रेघ ओढत म्हणाला, “बेल झाली न्हवती हे मला तवाच ठाऊक होतं. मी शिडीवर, दोरी तुटलेली. बेल मारनार कोन? मानसाचा कान हाय, चुकतो. अकरा वर्सं तीच बेल ऐकून ऐकून माजा बी चुकला असता.”

नरसिंगला वाटलं, संपलं. सुटलो. त्याने डोळे पुसले. पण संघपालचं बोलणं संपलं नव्हतं.

“चार महिने मी नांदेडला पडून होतो,” तो म्हणाला. “तुपली गाडी रोज त्याच रस्त्यानं जायची, दवाखान्यापुढून. जाताना बी, येताना बी.”

नरसिंगने मान खाली घातली.

“तुजा हॉर्न मला कळत न्हवता का? एक लांब, दोन आखूड. आला की पंचशीला उठून खिडकीशी जायची. म्हनायची, आज उतरतील भाऊ. मग म्हनायची, आज गाडी लेट असंल, उद्या येताना उतरतील. चार महिने.”

एकोणीस वर्षांनी संघपाल त्याला तू म्हणाला होता, आणि ते असं.

“मी मुद्दाम वाजवायचो हॉर्न तिथं,” नरसिंग कसाबसा म्हणाला. “तुला कळावं म्हनून.”

“कळायचं की. म्हनून तर जास्त लागायचं.”

“लोक म्हनाले, चौकशी चालू हाय, भेटू नगो.”

“लोक,” संघपाल म्हणाला. “त्या लोकायला तर तू उत्तर द्यायचास. डब्याच्या टायमाला.”

 नरसिंगने तीनशे किलोमीटर एक चूक उराशी धरून आणली होती आणि ती भलतीच निघाली होती. खरी चूक त्या दिवशी, एका फाट्यावर, एका क्षणात घडली नव्हती. ती रोज घडत होती, हॉर्न वाजवत, चार महिने. आणि तिला कानाचं निमित्त नव्हतं.

खाली स्टँडमधली लाल गाडी बाहेर पडली आणि झाडांत दिसेनाशी झाली. संघपाल काठी टेकून उठला.

“चल,” नरसिंगही उठला. “जेवून घेऊ खाली. मग हिमायतनगरला सोडतो तुला. मी थांबत बी न्हाई, दारात सोडून निघतो.”

“न्हाई. मी बसनं जाईन. साडेतीनची हाय. पास हाय मला.”

“अरे, गाडी असून...”

“नरसिंगा,” संघपाल म्हणाला, आणि ते नाव इतकं हळू म्हणाला की नरसिंग जागीच थांबला. “येताना सगळ्या रस्त्यानं दांडा धरून बसलो होतो मी. हात भरून आला हाय माजा. तुज्या मागं बसलो की अजून पाठ ताठ होते. तुज्या मनात काई नसंल, पन हाडाला ते समजत न्हाई.” तो थांबला. “तू पाह्यलं न्हाईस आरशात?”

नरसिंगने पाहिलं होतं. पाहून हसलाही होता.

“आलास, बरं केलंस,” संघपाल म्हणाला. “शिखर पाह्यचं होतं, पाह्यलं. आता जा तू. उन्हं उतरायच्या आत नांदेड गाठशील.”

“पुन्हा येऊ का?”

संघपाल ये म्हणाला नाही. येऊ नको असंही म्हणाला नाही. चष्म्यामागून नुसतं बघत राहिला, आणि शेवटी नरसिंगलाच नजर काढून घ्यावी लागली.

तो गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि थांबला. पाय क्लचवर तसाच. समोर रस्ता मोकळा होता, खाली उतरणारा, उन्हात पांढरा पडलेला. निघायला पाहिजे हे त्याला कळत होतं. पण पाय उठेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. इंजिन घुरघुरत राहिलं. मागून एका जीपवाल्याने हॉर्न दिला नि कडेने निघून गेला. नरसिंगने कान दिला. आज कानात काहीच वाजत नव्हतं. नको तेव्हा वाजणारी बेल आज गप्प होती.

मग मागून काठीचा आवाज आला. एक पाऊल, एक बुडी, एक पाऊल. तो गाडीच्या मागे येऊन थांबला. आणि डिक्कीच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा पडल्या. धप. धप. त्या दिवशी किनवटपासून ज्या पडत होत्या, आणि ज्या त्याने ऐकल्या नव्हत्या, तशाच.

नरसिंगने त्या ऐकल्या. चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. साऱ्या गाडीला त्या जाणवल्या होत्या. तरी त्याने पाय उचलला नाही. त्याने गिअर काढला, हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरून गाडीच्या मागे गेला.

संघपाल तिथून निघाला होता. काठी टेकत, उजवीकडे बुडत, तो खाली जाणाऱ्या जीपच्या थांब्याकडे चालला होता, पाठमोरा. पत्र्यावरच्या धुळीत त्याच्या हाताची पाचही बोटं उमटली होती. नरसिंगने त्यांना हात लावला नाही. त्याने गाडीच्या खाली बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग तो गाडीत बसला नि निघाला.